चिमणीतला डबा

अवधूत केळुसकर यांनी एकतीस वर्षं वीजकेंद्रांचे बॉयलर डिझाइन केले. साधेसुधे नव्हेत, पंधरा-पंधरा मजली. त्यांच्या आकडेमोडीवर पाच राज्यांत दिवे लागतात, हे ते कुणी न विचारताही सांगत. अशा माणसाच्या घरातली एकुलती एक फायरप्लेस छत्तीस वर्षांत एकदाही पेटली नव्हती, कारण तिच्या चिमणीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक स्टीलचा डबा ठेवला होता.

त्याचं असं झालं. न्यू जर्सीत, देशी दुकानांच्या आयसेलिनपासून तासाभरावर, डोंगराच्या कडेला त्यांनी एकमजली घर घेतलं ते अठ्ठ्याऐंशी साली. घर म्हटल्यावर वास्तुशांत आलीच. न्यूयॉर्कच्या क्वीन्सहून गुरुजी आले, हॉलमध्ये ॲल्युमिनियमच्या घमेल्यात होम झाला, स्मोक अलार्म आधीच काढून ठेवला होता. घोडं अडलं ते वास्तुप्रतिमेपाशी. ती घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा खणून पुरायची असते, आणि या घराखाली काँक्रीटचा स्लॅब होता, त्यावर कार्पेट. अवधूतराव होकायंत्र घेऊन घरभर हिंडले. आग्नेयेला फायरप्लेस निघाली. "अग्नीची दिशा आणि अग्नीचंच स्थान!" गुरुजी म्हणाले, "याहून उत्तम जागा शोधून सापडणार नाही."

फायरप्लेसच्या वर चिमणीच्या तोंडाशी लोखंडी झडप असते आणि झडपेमागे विटांची एक फळी. त्या फळीवर अवधूतरावांनी हात घालून डबा सरकवला. आत प्रतिमा, पंचरत्नं, थोडं सप्तधान्य. सगळ्यांना फार समाधान वाटलं. आता देवाच्या बुडाखाली जाळ कसा करायचा, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नाही, बॉयलरवाल्यालासुद्धा. पुढे गणपतीचे पाच दिवस त्या फायरप्लेसमध्ये गणपती बसायचा आणि उरलेलं वर्षभर मनी प्लँट.

गेल्या फेब्रुवारीपर्यंत हे सुरळीत चाललं होतं. मग एका रात्री पाऊस पडता पडताच गोठला, झाडं मोडून तारांवर पडली आणि चार दिवस वीज नव्हती. घरातली फर्नेस गॅसवर चालते, पण तिचा पंखा विजेवर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तिसऱ्या दिवशी घरात चव्वेचाळीस डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे जेमतेम सात, झाल्यावर अवधूतराव जनरेटर शोधायला बाहेर पडले. जनरेटर मिळाला नाही, रस्ते बंद होते, फोन मेलेला होता, आणि ते परत आले ते सात तासांनी. शरयूताई दोन रजया आणि एक शाल गुंडाळून सोफ्यावर बसल्या होत्या.  चौथ्या दिवशी जर्सी सिटीहून ज्ञानदा आली आणि दोघांना आपल्या एकतिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली.

ज्ञानदा त्यांची एकुलती एक. चाळिशीची, बँकेत रिस्कचं काम करते, आणि बोलतेही तसंच. "बाबा, यू आर सेव्हन्टी-टू. आई सत्तरची होईल. धिस हाऊस इज नॉट सेफ. माझ्याच बिल्डिंगमध्ये टू बेडरूम रिकामा होतोय. घर विका."

"घराला काय झालंय? वीज गेली होती. वीज कुठेही जाते."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी मी हीटिंगची सोय केलेली असेल. विजेशिवाय."

बाप तशी बेटी. तिने तिथल्या तिथे करार केला. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ती येणार. सकाळी सात ते संध्याकाळी सात थर्मोस्टॅट बंद, म्हणजे फर्नेस बंद. तेवढ्यात घर पासष्ट डिग्रीच्या खाली गेलं नाही तर ती विकायचा विषय पुन्हा काढणार नाही. गेलं, तर मार्चमध्ये घर मार्केटवर. शरयूताई तेव्हा भांडी पुसत होत्या. त्यांना दोघांनीही काही विचारलं नाही. त्या घराच्या बाजूच्या आहेत, हे अवधूतरावांनी गृहीतच धरलं होतं.

सोय म्हणजे इन्सर्ट. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळलं की खोलीतलीच निम्मी ऊब चिमणीतून बाहेर जाते. इन्सर्ट म्हणजे काचेच्या दाराची जाड लोखंडी शेगडी. ती फायरप्लेसच्या पोकळीत सरकवायची आणि तिच्या डोक्यापासून चिमणीच्या टोकापर्यंत स्टीलचा पाइप, ज्याला लायनर म्हणतात, तो सोडायचा. नवी घ्यायला अवधूतरावांचा जीव होईना. शिवाय जुन्या लोखंडावर त्यांचा विश्वास. दीड महिना जाहिराती चाळून त्यांना पेन्सिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्याकडे हवी तशी शेगडी सापडली.

ती आणायला विष्णू बरोबर होता. विष्णू दाभाडे, निवृत्त भूलतज्ज्ञ, चाळीस वर्षांचा मित्र. दोघांचं वय मिळून एकशे पंचेचाळीस. म्हातारा भला होता. त्याने शेगडीच्या पाठीवरची, ती प्रमाणित असल्याची धातूची पट्टी दाखवली, कारण ती असल्याशिवाय टाउनशिपचा इन्स्पेक्टर परवानगी देत नाही. चांगली चालतेय तर विकता का, असं विष्णूने विचारलं. म्हातारा म्हणाला, बायको गेली, आता लाकडं कोणासाठी वाहायची. अवधूतराव तेव्हा शेगडीच्या पोटात बॅटरी घालून भेगा शोधत होते.

"ऐकलंस का रे तो काय म्हणाला ते?" परतताना विष्णूने विचारलं.

"ऐकलं की. आतल्या दोन विटा तडकल्यात. बदलून टाकू."

शेगडी चारशे पौंडांची. पिकअपमधून घरापर्यंत ती भाड्याच्या लिफ्टने आली आणि घरात लोखंडी पाइपांच्या रुळांवरून, इजिप्तच्या पद्धतीने. महिनाभर ती हॉलच्या मधोमध बसून होती. अवधूतरावांनी विटा बदलल्या, दाराच्या कडेची हवा अडवणारी वाळलेली दोरी काढून नवी चिकटवली, आणि दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. पट्टी फाटली पण सुटली नाही. म्हणजे दार घट्ट. कामाची यादी एक्सेलमध्ये होती, अठ्ठेचाळीस ओळींची. एकोणिसावी ओळ होती, वास्तू, री-लोकेट.

कारण पाइप खाली आणायचा तर झडप कापावी लागणार, आणि झडपेमागे डबा. अवधूतरावांनी गुरुजींना फोन केला. थोरले गुरुजी केव्हाच वारले होते, मुलगा होता. त्याने उत्तरपूजेचे दोन मंत्र व्हॉट्सॲपवर पाठवले आणि डबा आग्नेयेलाच दुसरीकडे ठेवा म्हणाला. अवधूतरावांनी फायरप्लेसच्या शेजारच्या भिंतीतून दोन विटा काढून एक छोटा कोनाडा केला. आतून गिलावा केला, गुळगुळीत. एवढं सुबक काम त्यांनी आयुष्यात दुसरं केलं नसेल. शरयूताईंना बोलावून दाखवलं.

"छान झालाय," त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळी डबा काढतो."

"बघा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अवधूतरावांनी अंघोळ केली, ज्ञानदाच्या लग्नातला कद नेसला. कपाळाला बॅटरीचा पट्टा बांधला, दोन मंत्र म्हटले आणि गुडघ्यांवर बसून झडपेमागे हात घातला. वाळकी पानं लागली. एक पीस लागलं. त्यांनी हात डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग डोकंच आत घालून वर पाहिलं. फळीवर बोटभर जाड धूळ होती आणि धुळीच्या मधोमध एक स्वच्छ वर्तुळ, डब्याच्या बुडाएवढं.

कद, दिवा आणि हातावरची जळमटं तशीच घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. शरयूताई मेथी निवडत होत्या.

"शरयू, डबा नाहीये."

"नाहीच. मी नेला."

"नेला म्हणजे?"

"फेब्रुवारीत. तुम्ही गाडीत बॅगा ठेवत होतात तेव्हा. डावा हात घातला, उजवा कुठे वर जातोय खांद्याच्या ऑपरेशनपासून."

"कुठे नेलास?"

"ज्ञानदाकडे. तिच्या किचनमध्ये कोपऱ्यातलं कपाट आहे ना, त्यात वर. आग्नेयच आहे ती."

"उत्तरपूजा न करता?"

"अक्षता टाकल्या, हात जोडले. तेवढ्या थंडीत तेवढंच सुचलं."

"आणि नऊ महिने मला सांगितलं नाहीस!"

शरयूताईंनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. "एवढ्या उत्साहाने करत होतात. म्हटलं, करू देत."

अवधूतरावांना राग आला. रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ती भीती होती, हे त्यांनाही कळलं. ते ज्या घरासाठी छातीचा कोट करून उभे होते त्या घरातून वास्तू उठून गेली होती, आणि जिने नेली ती त्याच ओट्याशी रोज पोळ्या लाटत होती. पण इंजिनियर माणूस. प्रश्नाला अट घातली की तो सुटतो, असा त्यांचा अनुभव होता.

"टेस्ट पास झालो तर डबा परत आणायचा," ते म्हणाले. "ज्ञानदाला सांग, येताना बरोबर घेऊन ये."

"सांगते," शरयूताई म्हणाल्या.

आता हरून चालणार नव्हतं. घर राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता तोवर ती बापलेकीची पैज होती. आता त्यात तो डबाही आला. अवधूतरावांनी त्याच दुपारी कद सोडून जीन्स चढवली आणि ग्राइंडर घेऊन झडप कापली. ठिणग्या उडाल्या, मनी प्लँटची दोन पानं करपली.

लायनर सोडायच्या दिवशी छपरावर कोण चढणार यावरून दोन म्हाताऱ्यांत जुंपली. विष्णूचं म्हणणं, मी डॉक्टर आहे, पडणारा खाली नको, वर हवा, म्हणजे उपचार करणारा शाबूत राहील. अवधूतरावांना हा युक्तिवाद नीट कळला नाही, पण पटला. ते चढले. छप्पर उताराचं नव्हतं फारसं, कमरेला दोर होता. बावीस फुटांचा पाइप, त्यावर उष्णता धरून ठेवणारं पांढरं पांघरूण, त्यावर जाळी. पुढच्या टोकाला बांधलेली दोरी त्यांनी चिमणीत सोडली आणि वरून हुकूम सुटू लागले.

"ओढ! हळू! डावीकडे! माझ्या डावीकडे नाही, तुझ्या!"

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," खालून फायरप्लेसमधून विष्णूचा आवाज आला, घागरीतून आल्यासारखा. "इथे दिसत काही नाही. गळ्यात नळी घालायचं काम मी चाळीस वर्षं केलंय, पेशंट असा ओरडत नसे."

दीड तासाने पाइप खाली पोचला. विष्णूच्या चष्म्यावर काजळी नव्हती, कारण काजळी कधी झालीच नव्हती. नुसती धूळ आणि पक्ष्यांची पिसं. वरती पत्रा बसला, टोपी बसली. खाली शेगडी पाइपांवरून ढकलत आत गेली आणि लायनरच्या तोंडाशी बरोबर एक इंच फरकाने अडली. तो एक इंच काढायला आणखी दोन दिवस आणि विष्णूच्या कमरेचा पट्टा लागला. इन्स्पेक्टर आला, आरशाने पाठीवरची पट्टी वाचली, कागदावर सही केली आणि 'नाइस जॉब' म्हणाला. अवधूतरावांनी ते दोन शब्द त्या आठवड्यात सात जणांना सांगितले.

पहिल्यांदा पेटवायच्या आधी शरयूताईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं. त्या डिशवॉशरलाही वाहत, गाडीलाही. अवधूतराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, काही कळतंय का म्हणून. कळलं नाही. मग त्यांनी काडी ओढली, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या चिमणीतून धूर निघाला. ते बाहेर अंगणात जाऊन तो बघत उभे राहिले. त्यांना रडू आलं. थंडीमुळे, असं त्यांनी विष्णूला फोनवर सांगितलं.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बाहेर सव्वीस डिग्री होती, पाणी गोठायच्याही खाली. ज्ञानदा आदल्या रात्रीच येऊन राहिली होती. सकाळी सातला तिने थर्मोस्टॅट बंद केला आणि जेवणाच्या टेबलावर एक डिजिटल थर्मामीटर ठेवला. "मी काही हेल्प करणार नाही. ओके?"

"कुणी मागितलीय?" अवधूतराव म्हणाले.

नऊला अडुसष्ट होती. अकराला एकाहत्तर. दुपारी तर ज्ञानदाने स्वेटर काढला. अवधूतराव दर अडीच तासांनी दार उघडत, निखारे पुढे ओढत, दोन ओंडके मागे लावत आणि दार लावत. ओंडके दहा-बारा पौंडांचे, सुकवलेले, आर्द्रता मीटरने तपासलेली. जेवायला कढी-खिचडी होती. तिघंही काचेसमोर खाली सतरंजीवर बसून जेवले, आणि ज्ञानदा म्हणाली, "धिस इज ॲक्चुअली नाइस, बाबा." अवधूतरावांनी पापड मोडला. जिंकत आलेल्या माणसाने फार बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं.

चारच्या सुमाराला ते मागच्या शेडमध्ये लाकडं आणायला गेले. शेजारचा माणूस कुंपणाशी होता. त्याने धूर पाहिला होता, शेगडी कुठली ते विचारलं. मग काय! लायनरची जाडी, पांघरूण, तो एक इंच, नाइस जॉब. अवधूतराव परत आले तेव्हा अर्धा-पाऊण तास गेला होता.

आत ज्ञानदा कुणाशी तरी कामाच्या फोनवर होती, बेडरूमचं दार लावून. शेगडीत नुसते निखारे उरले होते. थर्मामीटरवर सहासष्ट. शरयूताई शेगडीपुढे गुडघ्यांवर बसल्या होत्या. दार उघडं होतं आणि एक ओंडका त्यांनी डाव्या हाताने उंबऱ्यापर्यंत आणला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. पुढे ढकलायला उजवा हात उठत नव्हता आणि सोडला तर तो जळकं टोक घेऊन सतरंजीवर आला असता. त्या तशाच तो धरून बसल्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

अवधूतराव धावले. ओंडका आत ढकलला, आणखी दोन टाकले, दार लावलं. जाळ धरला.

"अगं, मला हाक मारायची!"

"मारली," शरयूताई म्हणाल्या. "तीनदा."

त्या उठल्या, हात धुवायला गेल्या. अवधूतराव पुढचे दोन तास शेगडीसमोरून फारसे हलले नाहीत. शेडकडे गेले ते पळत आणि आले ते पळत. आकडा वर चढला, अडुसष्टावर थांबला. विष्णूने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्यांनी नुसता आकडा सांगून ठेवून दिला.

सात वाजले. ज्ञानदाने थर्मामीटर उचलला, बापाला दाखवला. "सिक्स्टी-एट. ओके बाबा. यू विन. मी विषय काढणार नाही. प्रॉमिस इज प्रॉमिस." तिने त्यांना मिठी मारली. मग आपल्या बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून आईसमोर सतरंजीवर ठेवलं. टॉवेल सोडवला. स्टीलचा डबा होता, छत्तीस वर्षांत काळवंडलेला, झाकणावर केळुसकर नाव कोरलेला.

"घे आई. तू सांगितलं होतंस आणायला."

अवधूतराव उठून कोनाड्याकडे गेले. त्यात त्यांनी सकाळीच फुलं ठेवली होती. ती बाजूला केली, हात पुढे केला. "आण इकडे."

शरयूताईंनी डब्यावरून एकदा हात फिरवला. "राहू दे हा ज्ञानदाकडेच," त्या म्हणाल्या.

"अगं पण टेस्ट पास झाली!"

"झाली ना. तुमची झाली. मला कौतुकच आहे." त्या सावकाश बोलत होत्या. "त्या दिवशी तुम्ही जनरेटर आणायला गेलात. सात तास. मी थंडीने नाही हो बसले होते तशी. सहाव्या तासाला मी ठरवलं होतं की तुम्ही आता येत नाही. मग इथे मी काय करायचं, ते ठरवत बसले होते. काही सुचेना." त्यांनी शेगडीकडे पाहिलं. "तुम्ही असताना मला या घरात काहीच कमी नव्हती. कधीच नव्हती. ही शेगडी तुम्ही असतानाची आहे. तुम्ही नसतानाची कुठे आहे?"

ज्ञानदा टॉवेलाची घडी घालत राहिली. तिने दिलेला शब्द ती पाळत होती.

अवधूतरावांच्या एक्सेलमध्ये अठ्ठेचाळीस ओळी होत्या. तडकलेल्या विटा होत्या, वाळलेली दोरी होती, अडलेला एक इंच होता. पेन्सिल्व्हेनियाच्या म्हाताऱ्याने अंगणात उभं राहून जे सांगितलं होतं ते कुठल्याच ओळीत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक बॉयलरला विचारलं होतं की चालवणारा माणूस नसेल तर काय होईल, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय एकाही नकाशावर सही केली नव्हती. घरच्या शेगडीला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. हरल्याचं नव्हे. तीन हाका ऐकू आल्या नाहीत, त्याचं.

जाळ उतरत आला होता. सवयीने त्यांनी एक ओंडका उचलला, मग पुन्हा ढिगावर ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन थर्मोस्टॅट चालू केला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत फर्नेसचा पंखा घरघरायला लागला.

परत येऊन ते सतरंजीवर बसले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, टॉवेलात नीट गुंडाळला आणि ज्ञानदाच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवून चेन लावली.

"ते कपाट आग्नेयेलाच आहे याची खात्री केलीस का?" त्यांनी शरयूताईंना विचारलं. "फोनमधलं होकायंत्र लिफ्टजवळ चुकतं."

"मी नाही केली," त्या म्हणाल्या. "तुम्हीच येऊन बघा."

"बघतो," अवधूतराव म्हणाले. "माझं होकायंत्र कुठंय?"

"तुमच्याच ड्रॉवरमध्ये," शरयूताई म्हणाल्या आणि जेवणाची पानं घ्यायला उठल्या.